रमणे वेगळे, गुंगी वेगळी : अप्रमादावरील एक अभ्यासपाठ



बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील कोणत्याही वस्तीवर संध्याकाळी आठच्या सुमारास एक फेरी मारून पाहावी. समाजमंदिराच्या ओट्यावर चार-पाच मुले खांद्याला खांदा लावून बसलेली दिसतात, पण एकमेकांशी कोणी बोलत नाही. प्रत्येकाच्या तोंडावर मोबाईलचा निळसर उजेड असतो. घरात आई भाकऱ्या थापत असते, वडील कामावरून येऊन भिंतीला टेकून बोट वर सरकवीत असतात आणि दोन वर्षांचे लेकरू व्हिडिओ लावल्याशिवाय घास घेत नाही. विहारात वंदना चालू असतानाही मागच्या रांगेत मधूनच उजेड पडतो.

हे लिहिताना आम्ही बाजूला उभे राहून दुसऱ्याकडे बोट दाखवीत नाही. हा लेख लिहायला बसलो त्या पहिल्या तासात आम्हीच चार वेळा मोबाईल हातात घेतला आणि चारही वेळा काहीच काम नव्हते. म्हणून हा पाठ प्रथम आमच्यासाठी आहे, नंतर वाचकांसाठी.

प्रश्न केवळ वेळ वाया जाण्याचा नाही. ज्या समाजाला शेकडो वर्षे पाटी-पेन्सिलीपासून दूर ठेवले, त्या समाजातील मुलाच्या हाती दोन-तीन पिढ्यांपूर्वी पुस्तक आले. त्यासाठी आजोबांनी दुसऱ्याच्या उसाला पाणी दिले, आजीने खुरपणीला जाऊन वह्या घेतल्या. आज शाळा आहे, शिष्यवृत्ती आहे, पुस्तक आहे. मात्र पुस्तकापुढे बसणारे मन हरवत चालले आहे. ते कसे हरवते आणि परत कसे आणावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१) एक छोटा प्रयोग

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही एकदा मुलांना विचारले, "काल रात्री झोपण्यापूर्वी जे व्हिडिओ पाहिले, त्यातले शेवटचे तीन कोणते ते सांगा." मुले एकमेकांकडे पाहून हसू लागली. एकालाही तिन्ही सांगता आले नाहीत. तास-दीड तास पाहिले होते, पण हाती काही राहिले नव्हते.

मग दुसरा प्रश्न केला, "लेझीम पहिल्यांदा कोणी शिकवली?" आता सगळेच बोलू लागले. कोणी शिकवली, पाय कुठे चुकत होता, हाताला फोड कसा आला, पहिल्या मिरवणुकीत कोण पुढे होते, सारे काही आठवत होते. एक मुलगी म्हणाली, "सर, त्या दिवशी जेवायचंसुद्धा ध्यानात राहिलं नव्हतं."

दोन्ही वेळा मुले तहानभूक विसरली होती, पण एक विसरणे दुसऱ्यासारखे नाही. आपल्या मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. माणूस कामात रमतो, खेळात रंगतो, गाण्यात तल्लीन होतो. आणि दुसरे म्हणजे माणसाला गुंगी येते. रमलेला माणूस जागा असतो. गुंगीतला माणूस डोळे उघडे असूनही जागा नसतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. रमून उठलेला माणूस थकला तरी ताजा दिसतो. गुंगीतून उठलेला माणूस काही न करताच थकलेला, चिडचिडा आणि रिकामा असतो.

२) भगवान बुद्धांनी दाखविलेला धोका

पंचशीलातील पाचवे शील आपण रोज म्हणतो. त्यात मद्याचा त्याग सांगताना मद्याला 'प्रमादाचे स्थान' म्हटले आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, मनाचा ताबा सुटणे. म्हणजे शील केवळ बाटलीपुरते नाही. ज्या ज्या ठिकाणी सावधपणा सुटतो तिकडे त्याचा रोख आहे. याच्या उलट तो अप्रमाद. धम्मपदाचा दुसरा वर्ग अप्रमादावर आहे आणि महापरिनिर्वाणापूर्वी तथागतांनी भिक्खूंना जो शेवटचा उपदेश केला, तोही अप्रमादाने आपले कार्य सिद्धीस नेण्याचाच होता.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त हे गृहस्थांसाठी आहे. सिगाल नावाच्या तरुणाला बुद्धांनी संपत्ती नाश पावण्याची सहा दारे सांगितली. मद्यपान, अवेळी रस्त्यांवर भटकणे, जुगार, वाईट संगत आणि आळस यांबरोबर खेळ-तमाशांच्या मागे सतत हिंडणे हेही त्यांत आहे. त्याचे कारण फार मार्मिक आहे. अशा माणसाचे मन एका जागी ठरत नाही. आज नाच कुठे आहे, गाणे कुठे आहे, वाद्ये कुठे वाजत आहेत, याचाच तो शोध घेत राहतो. येथे गाण्या-बजावण्याला शत्रू ठरविलेले नाही, असे आम्हास वाटते. जे हाती आहे ते सोडून 'पुढे काय' म्हणून धावणाऱ्या मनाचा रोग सांगितला आहे. त्या काळी त्यासाठी गावोगाव हिंडावे लागे. आज सारा तमाशा खिशात येऊन बसला आहे.

यावर उपाय काय, हे चूळपंथकाच्या कथेत दिसते. चूळपंथक हा मंद बुद्धीचा भिक्खू होता. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना, तेव्हा त्याच्या थोरल्या भावाने त्याला संघातून निघून जाण्यास सांगितले. बुद्धांनी त्याला जवळ घेतले, एक स्वच्छ पांढरा कापडाचा तुकडा दिला आणि मळ दूर होण्याचे शब्द उच्चारीत तो हाताने चोळीत बसावयास सांगितले. चोळता चोळता कापड मळले आणि त्या मळलेल्या कापडातून त्याला अनित्यता उमगली. ज्याला पाठांतराने काही मिळाले नाही, त्याला हातातल्या एका साध्या कामात चित्त लावल्याने मिळाले. आपल्या शाळांत 'ढ' म्हणून मागे बसविलेल्या प्रत्येक मुलाच्या पालकांनी ही कथा लक्षात ठेवावी.

३) हे यंत्र असे का ओढते?

काहीजण म्हणतात की, आजची पिढीच आळशी आहे. आम्हास हे मान्य नाही. समोरचे साधन कसे बनविले आहे हे समजून घेतल्यावाचून मुलांना दोष देणे अन्यायाचे होईल.

पुस्तकाचे पान संपते, वर्तमानपत्र संपते. तेथे माणूस क्षणभर थांबतो आणि 'आता पुरे' असे म्हणू शकतो. मोबाईलच्या पडद्यावर मात्र पान कधी संपतच नाही. बोट सरकवावे तसे नवे काही खालून येत राहते. ही युक्ती अझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने २००६ साली तयार केली आणि पुढे तिच्या परिणामांबद्दल त्याने स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला. दुसरी गोष्ट अनिश्चित बक्षिसाची. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून दाखविले होते की, दाणा दर वेळी न मिळता कधी मिळेल याचा नेम नसला, तर पक्षी अधिक चिकाटीने चोच मारीत राहतो. दहा व्हिडिओ टाकाऊ निघतात, अकरावा हसवतो; त्या अकराव्यासाठी आपण पुढचे दहा पाहतो. तिसरी गोष्ट पैशाची. आपण जितका वेळ पडद्यावर राहू तितक्या जाहिराती दाखविता येतात. म्हणजे आपल्याला फुकट मिळते असे वाटते तेव्हा विकले जाते ते आपले लक्ष.

आपल्याकडे २०१६ सालानंतर नेट स्वस्त झाले आणि २०२० च्या टाळेबंदीत शाळाच मोबाईलवर आली. ज्या घरी मोबाईल नव्हता तेथे उसनवारी करून तो घ्यावा लागला. शाळा पुन्हा भरली, पण मोबाईल मुलाच्या हातातच राहिला. 'असर' या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातील १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींपैकी सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे व तो वापरता येतो, असे आढळले. तेव्हा हा एका वस्तीचा किंवा एका घराचा दोष नव्हे.

४) रमण्याचे शास्त्र

हंगेरियन वंशाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय (१९३४–२०२१) यांनी आयुष्यभर एकच प्रश्न विचारला : माणसाला खरे समाधान केव्हा वाटते? त्यांनी बुद्धिबळपटू, गिर्यारोहक, शल्यविशारद, चित्रकार, कारखान्यातील कामगार अशा अनेकांना बोलते केले. १९९० साली त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांना आढळले की, नुसते आरामात पडून राहण्यात माणूस फारसा सुखी नसतो. अंगातील कसब पणाला लागेल अशा कामात बुडालेला असताना तो सुखी असतो. अशा कामाची तीन लक्षणे ध्यानात ठेवावीत.

पहिले, काय करावयाचे ते स्पष्ट असते. दुसरे, बरोबर की चूक हे लगेच कळते. तिसरे, काम आपल्या कुवतीपेक्षा थोडेच अवघड असते. फार सोपे असले तर कंटाळा येतो, फार अवघड असले तर धास्ती वाटते.

२०१० साली किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या संशोधकांनी सुमारे २२५० लोकांना दिवसातून मधूनमधून विचारले की, आत्ता काय करता आहात, मन कुठे आहे आणि कसे वाटते आहे. लोकांचे मन सुमारे ४७ टक्के वेळा हातातल्या कामावर नव्हते आणि मन भटकत असताना ते कमी सुखी होते. गंमत अशी की, ही माहिती त्यांनी मोबाईलद्वारेच गोळा केली. म्हणजे साधन तेच, पण हेतू वेगळा.

हेच तिसरे लक्षण बुद्धांनी सोण नावाच्या भिक्खूला वीणेच्या उदाहरणाने सांगितले होते. सुखात वाढलेला सोण पायातून रक्त येईपर्यंत चंक्रमण करी आणि निराश होई. तथागतांनी त्याला वीणेची आठवण करून दिली. तार फार ताणली किंवा फार सैल सोडली तर ती नीट वाजत नाही. ती योग्य बेताने लावावी लागते. सम्यक व्यायाम म्हणतात तो हाच.

५) दारे धरणारा माणूस

हे शास्त्र आपल्या शेतकऱ्याला नवे नाही. १८८५ साली सुरू झालेला नीरा डावा कालवा बारामतीतून इंदापूरकडे जातो. पाळी आली की रात्रीसुद्धा उसात दारे धरावी लागतात. एक सरी भरली की दार मोडून पुढच्या सरीत पाणी सोडायचे. पाण्याचा आवाज बदलला तरी जाणकाराला कळते की कुठे तरी पाट फुटला आहे. काय करायचे ते स्पष्ट आहे, चुकले तर लगेच कळते आणि कसबही लागते. तिन्ही लक्षणे येथे आहेत.

याच कालव्याने आणखी एक गोष्ट शिकविली आहे. वर पाणी झिरपले, गळाले, उपसले गेले की टेलच्या शेताला ते पोहोचत नाही, हे इंदापूरच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावयास नको. लक्षाचेही तसेच आहे. सकाळी उठल्यापासून ते जागोजागी गळत राहिले तर रात्रीच्या अभ्यासाला काय उरणार? आपल्या मुलांचा अभ्यास हा दिवसाच्या टेलला आहे.

६) बाबासाहेबांचे उदाहरण

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये मन वेधून घेणाऱ्या गोष्टींची वाण नव्हती. पुढे लंडनमध्ये अर्धपोटी राहून ते ग्रंथालयात बसले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. मुंबईत दादरला त्यांनी 'राजगृह' बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. मात्र त्यांचे जीवन केवळ पुस्तकांनी भरलेले होते असे नाही. उतारवयात ते व्हायोलिन शिकले, बागेची त्यांना आवड होती. देशाची घटना घडविणारा पुरुष नवशिक्या होऊन सूर जुळवीत बसे, हे आपण मुलांना सांगत नाही. ते सांगावयास हवे.

याहून महत्त्वाचा त्यांचा विचार १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या निबंधात आहे. जातिव्यवस्था माणसाची आवड वा कल न पाहता जन्मावरून काम लादते; त्यामुळे कामात त्याचे हृदय नसते, बुद्धी नसते आणि ते टाळण्याकडे त्याचा कल होतो, असे त्यांनी दाखवून दिले. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. स्वतः निवडलेल्या कामात रमणे हा आपल्या पूर्वजांना नाकारलेला हक्क होता. तो लढून मिळाला आहे. तो आपल्या हाताने एखाद्या कंपनीच्या पडद्यापुढे ठेवून देणे आपणास शोभत नाही.

लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांचेही स्मरण करावे. मुंबईत एकाने त्यांच्यापुढे पत्र वाचावयास धरले आणि त्यांना वाचता येईना. त्या लाजेने ते अक्षरे शिकले, दुकानांच्या पाट्या वाचीत वाचीत वाचन पक्के केले. पुढे त्यांच्या गीतांनी गावोगावच्या वस्त्या जाग्या केल्या. साधन म्हणावे तर रस्त्यावरच्या पाट्या, पण मन पूर्ण होते.

७) आपल्या भागात काय करता येईल?

"आमच्या मुलांना छंद परवडत नाहीत" असे पालक म्हणतात. कामगार दिवसभर राबून आल्यावर त्याला विरंगुळा हवा असतो, हेही खरे आहे. म्हणून आम्ही महागडे काही सुचवीत नाही.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळ परिसरात हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. तेथील मच्छीमार तरुण पक्षी ओळखावयास शिकले आणि नावेतून पाहुण्यांना पक्षी दाखवू लागले. पाहण्याच्या आवडीतून रोजगार उभा राहिला. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा दिसतो. एक वही आणि पेन्सिल घेऊन मुलांना तेथे नेता येईल.

घराघरांत आजी आहेत, ज्यांना जुन्या लुगड्यांची गोधडी शिवता येते. त्यांच्याशेजारी बसून नातीने धावदोरा शिकावा; टाका घालता घालता आजीचे आयुष्यही ऐकावयास मिळेल. हलगी, लेझीम, कबड्डी, बुद्धिबळ, भीमगीतांचे गायन, पाली भाषेचा अभ्यास, विहाराच्या आवारातील चार झाडे, बिघडलेली मोटार खोलून पाहणे, यांपैकी काहीही चालेल. १४ एप्रिलच्या निमित्ताने महाराष्ट्रात अनेक ठिकाणी सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. तो स्तुत्य आहे. परंतु वर्षातून एकदा १८ तासांपेक्षा रोजचा एक पूर्ण तास अधिक फळ देतो.

एकट्याने हे जमत नाही, संघाचे बळ लागते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून हे करून दाखविले. तेथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत दीड तास घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद ठेवून मुले अभ्यासाला बसू लागली, मोठी माणसे एकमेकांशी बोलू लागली. यातील खरी गोष्ट अशी की, नियम मुलांपुरता नव्हता. बापाने मोबाईल पाहत मुलाला 'अभ्यास कर' म्हणावे, हा उपदेश कोणत्याही घरात फळत नाही.

८) मोबाईल टाकून द्यावा काय?

मुळीच नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबारा, स्पर्धा परीक्षेची माहिती त्यावर मिळते. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे इंग्रजी खंडही आज मोबाईलवर वाचता येतात. काम ठरवून मोबाईल उचलावा, काम झाले की ठेवावा. विळा गवत कापायला हातात घेतो, दिवसभर मिरवीत नाही.

त्यासाठी सभासदांनी व विद्यार्थ्यांनी एक आठवडा पुढील गोष्टी कराव्यात :

(अ) मोबाईल उचलण्यापूर्वी 'कशासाठी?' असे मनात विचारावे. उत्तर नसेल तर हात मागे घ्यावा. हीच सम्यक स्मृतीची सुरुवात.

(आ) अभ्यासाच्या व जेवणाच्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. खोली एकच असेल तर डब्यात ठेवून झाकण लावावे.

(इ) रोज एक तास हाताने करावयाच्या एका कामाला द्यावा. पहिले तीन-चार दिवस कंटाळा येईल, हात शिवशिवतील. तो कंटाळा म्हणजे अपयश नव्हे. गुंगी उतरत असल्याची ती खूण आहे.

(ई) रात्री वहीत दोन ओळी लिहाव्यात : आज कशात रमलो? आज कशात गुंगलो?

आम्ही ही वही ठेवली. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठे होते, पहिल्याचे लहान. महिन्याभराने ते पूर्ण उलटले असे म्हणणे खोटे ठरेल, पण तफावत कमी झाली एवढे नक्की. आमच्या घरात रात्रीच्या जेवणाला पुन्हा बोलणे सुरू झाले, हा लाभ आम्ही लहान मानीत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पाचव्या शीलातील 'प्रमाद' या शब्दाचा मोबाईलच्या वापराशी कसा संबंध येतो?
२. चूळपंथक आणि सोण यांच्या कथांतून कोणते दोन वेगळे बोध मिळतात?
३. लादलेले काम आणि निवडलेले काम यांतील फरक बाबासाहेबांच्या विचारांच्या आधारे सांगा.
४. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना येणारे, पण आपणास न येणारे एक काम शोधा व ते शिकून वर्गात दाखवा.
५. आपल्या वस्तीत दीड तास मोबाईल बंद ठेवावयाचा झाल्यास त्या वेळात काय काय करता येईल, याची यादी घरातील सर्वांनी मिळून करा.

शेवटी एवढेच सांगावयाचे आहे. या स्मरणिकेची पाने संपतील तेव्हा आपण थांबाल, कारण कागदाला शेवट असतो. त्या थांबलेल्या क्षणी मोबाईलकडे हात जाण्यापूर्वी शेजारी कोण बसले आहे ते पाहावे आणि त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत. अप्रमादाची सुरुवात तेथूनही होऊ शकते.

जयभीम! नमो बुद्धाय!